शिवण आत घेतली

डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर दिलं, एक ते अकरा आकडे टाकून.
म्हणाल्या, वस्तीतलीच माणसं हवीत,
समिती नुसती कागदावर नको.
मी म्हटलं, हो.
आणि पिवळ्या नदीच्या पुलाशी ऑटोतून उतरले तेव्हा
पहिल्यांदाच मला माझी वस्ती
अकरा रिकाम्या ओळींसारखी दिसली.

मे महिना. डांबर चपलेला चिकटत होतं.
दारादारांत कूलरची घरघर,
मी आरोग्य म्हणायचे, त्यांना रेशन ऐकू यायचं.
"मले काय भेटते त्यातून?"
कवडू गजघाटे पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता.
मी म्हटलं, समाधान.
तो हसला. पन्नी बांधली, रबर लावलं,
"ते तं मी इकतोच ना बाई, वीस रुपयाले."

पहिली मीटिंग विहाराच्या मागच्या खोलीत.
खुर्च्या वीस, भाड्याच्या.
पोहे, आणि पातेलंभर तर्री.
आले चौघं.
त्यातला एक पंख्याखाली झोपला.
माझ्या भाषणात 'सहभाग' सात वेळा आला,
घरी येऊन मोजला.
उरलेली तर्री आम्ही दोन दिवस खाल्ली.

मग पोलकं शिवायला टाकायचं म्हणून शमीम आपांकडे गेले.
रजिस्टर पिशवीत होतं. काढायची लाज वाटली.
त्या माझ्या दंडाभोवती टेप धरून
सहज बोलत होत्या:
ती रेल्वे लायनीकडची दुर्पता आहे ना,
दिवाळीत पोलकं शिवलं तिचं.
संक्रांतीला आत घेतलं.
होळी झाली, परत आत घेतलं.
आधी अर्धा इंच, मग पुरता एक.
"आता शिवणीत कापडच नाही उरलं, बाई,
घेऊ कुठून?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.
टेप माझ्या दंडावर तसाच होता.

दुर्पताच्या थुंकीची डबी
दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मीच नेली.
पुढचं लांबवत नाही. सहा महिने गोळ्या चालल्या.
गोळ्यांची वेळ आपा सांभाळायच्या,
तिच्या घरी जाऊन नाही,
काजं-बटणं करायला तिलाच मशीनपाशी बसवून.

तेव्हापासून मी कुणाला 'या' म्हणत नाही.
विचारते, तुम्हाला काय दिसतं?

सुगत कूलर दुरुस्त करतो,
त्याला ठाऊक कुणाच्या टाकीत अळ्या वळवळतात
आणि कोण ते पाणी दिवाळीपर्यंत ओतत नाही.
निखारे मावशी मागावरून उठल्या तरी
कानात खटखट घेऊन फिरतात,
पण रात्री कुणाचं लेकरू सांधे धरून रडतं
ते त्यांना भिंतीपलीकडून कळतं.
सगळे टिकले असंही नाही.
दोघं बुटीबोरीला कामाला लागले,
एकीच्या नवऱ्याने रजिस्टरच फेकलं नालीत.
(ते सुकवून वापरते, पानं फुगलीत.)
वरून प्रमाणपत्रं आली, नावं चुकलेली.
आपांनी आपल्या जाड कागदाचा
बाहीचा फर्मा कापला.

कवडू आला तो पावसाळा सरल्यावर,
न बोलावता. दारातच थांबला.
"माह्याकडचा एक पोरगा," म्हणाला,
"पहिले चार बोटं जात होते तोंडात. आता दोन नाई जात.
मिरची लागली का डोळ्यातून पाणी येते त्याच्या.
आन् इकतो तं मीच."
कुणी काही म्हटलं नाही.
मी पेन उघडलं तसा मागे सरला,
"नाव नका लिहू. ठेला बंद नाई होनार माह्याच्यानं.
पोरी आहेत दोन."

तरी दर दुसऱ्या गुरुवारी येतो.
आजवर पाच जणांची तोंडं दाखवायला
दंत महाविद्यालयात घेऊन गेलाय,
आपल्याच ठेल्यावरची.
खुर्ची दिली तर घेत नाही.

डॉक्टरीणबाई रजिस्टर उलटतात,
अकरावी ओळ अजून कोरी कशी, विचारतात.
मी म्हणते, तो उभा असतो.